इंटरनेट आणि वेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पणजीच्या सरकारी कचेरीपासून सत्तरी तालुक्यातल्या दुकानापर्यंत ‘नेट गेले’, ‘साइट उघडत नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही तीन वाक्ये आपल्याकडे एकाच अर्थाने बोलली जातात. वास्तविक ती तीन निरनिराळ्या बिघाडांची वर्णने आहेत, आणि बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखता आले तर तक्रारही योग्य ठिकाणी करता येते. इंटरनेट आणि वेब यांतला फरक समजून घेण्याचे हे एक कारण झाले. दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या गावांविषयीची, संस्थांविषयीची आणि एकूणच मराठीतली बरीचशी माहिती आज इंटरनेटवरून फिरते, पण ती वेबवर नसते, आणि म्हणून शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. पुढील उत्तरे संगणकाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या, पण मोबाईल रोज वापरणाऱ्या वाचकांसाठी लिहिली आहेत.

इंटरनेट आणि वेब यांत थोडक्यात फरक काय?

इंटरनेट ही जगभरातल्या संगणकांना एकमेकांशी जोडणारी व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेवरून ज्या अनेक सेवा चालतात, त्यांपैकी वेब ही एक. वेबमध्ये पाने असतात, प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे असतात. मांडवीच्या पात्रातून पणजी-बेती फेरीबोट जाते, खनिजाच्या बार्जी जातात, मच्छीमारांच्या होड्याही जातात; फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्याला फेरीबोट म्हणजेच मांडवी असे कधी वाटत नाही, परंतु क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये रोज पाने पाहणाऱ्याला वेब म्हणजेच इंटरनेट असे सहज वाटू लागते. ईमेल, व्हॉट्सॲपवरचे निरोप, व्हिडिओ कॉल, मुलांचे ऑनलाइन खेळ ही सगळी वाहतूक त्याच जोडणीवरून होते आणि त्यासाठी वेब असावेच लागते असे नाही.

इंटरनेट प्रत्यक्षात असते तरी कुठे?

ते हवेत किंवा ‘क्लाउड’मध्ये नसते. घराच्या भिंतीवरच्या राउटरमधून निघालेली काचतंतूची बारीक तार रस्त्यावरच्या खांबांवरून सेवा कंपनीच्या केंद्रापर्यंत जाते, तेथून जाड केबलीने मोठ्या शहरांतल्या केंद्रांपर्यंत, आणि परदेशी जायचे असल्यास समुद्राखालच्या केबलींतून पुढे. भारतात या समुद्री केबली प्रामुख्याने मुंबई आणि चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. कोची आणि तुतिकोरीन येथेही लागतात. मोबाईल डेटा वापरताना फक्त मोबाईलपासून टॉवरपर्यंतचा टप्पा बिनतारी असतो, पुढचा बहुतेक प्रवास जमिनीतून, खांबांवरून आणि समुद्रतळावरूनच होतो.

ही व्यवस्था किती भौतिक आहे याचा अनुभव ३० जानेवारी २००८ रोजी भारताला आला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबलींना इजा झाली आणि येथून कित्येक हजार किलोमीटर दूर घडलेल्या त्या घटनेने आपल्याकडील इंटरनेट अनेक दिवस मंदावले. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणून अंतर आपल्याला एरवी जाणवत नाही. पण ते असतेच.

तारांइतकेच महत्त्वाचे आहेत ते संगणकांनी आपसांत पाळायचे नियम. कोणताही मजकूर, फोटो किंवा आवाज पाठवताना त्याचे लहान लहान तुकडे केले जातात, ज्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर ते कोठून आले आणि कोठे जायचे आहे यांचे आकड्यांतले पत्ते असतात, आणि वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे वाट ठरवणारे यंत्र, तो पत्ता वाचून पॅकेट पुढे ढकलतो. हे काम आयपी नावाच्या नियमावलीचे. पॅकेटे मागेपुढे पोहोचली किंवा वाटेत हरवली तर ती पुन्हा मागवून ओळीने लावणे हे टीसीपी या दुसऱ्या नियमावलीचे काम. पॅकेटच्या आत फोटो आहे, पत्र आहे की वेबचे पान आहे, याच्याशी राउटरला कर्तव्य नसते. इंटरनेटच्या रचनेतली सर्वांत मोठी हुशारी आमच्या मते हीच आहे, कारण त्यामुळेच नव्या सेवा निघाल्या तेव्हा जुन्या तारा बदलाव्या लागल्या नाहीत.

मग वेब कशाचे बनलेले आहे?

तीन गोष्टींचे. पहिली म्हणजे प्रत्येक पानाचा जगात एकमेव असा पत्ता. दुसरी म्हणजे पान मागण्याची आणि देण्याची ठरलेली पद्धत, जिला एचटीटीपी म्हणतात. तिसरी म्हणजे पान लिहिण्याची भाषा, एचटीएमएल. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, दुवा कुठे, हे ती सांगते.

यांतली पत्त्याची कल्पना नीट पाहण्यासारखी आहे. ‘गोवाऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट आयएन’ हा सरकारी सेवांचा पत्ता घ्या. तो उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवटचे ‘आयएन’ हे भारताचे चिन्ह. त्याआधीचे ‘जीओव्ही’ हे भारतात सरकारी संस्थांसाठी राखून ठेवलेले आहे, ते कोणाही खासगी माणसाला विकत मिळत नाही. त्याआधीचे ‘गोवाऑनलाइन’ हे त्या सेवेचे नाव. या पुढे तिरकी रेघ देऊन जे लिहिलेले असते, ते त्या सर्व्हरवरचे, म्हणजे पाने साठवून मागेल त्याला देणाऱ्या संगणकावरचे, विशिष्ट पान. फसवणूक करणारे लोक ‘गोवा’, ‘गव्हर्नमेंट’ असे शब्द पत्त्याच्या डाव्या भागात हवे तसे घालू शकतात, पण शेवटी ‘जीओव्ही डॉट आयएन’ आणू शकत नाहीत. वीजबिल थकल्याचा किंवा वाहनाच्या दंडाचा निरोप आला आणि त्यात दुवा असला, तर सुरुवातीच्या दोन जोडलेल्या तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे काय लिहिले आहे ते आधी पाहावे.

दोहोंपैकी आधी कोण आले?

इंटरनेट, आणि तेही वीस वर्षांच्या फरकाने. त्याचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या अमेरिकी जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी दोन संगणकांमध्ये ईमेल पाठवून दाखवले. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी-आयपी हे नियम आकाराला आले, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट पूर्णपणे त्यांवर गेले. त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी नावांवरून आकड्यांतले पत्ते शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. म्हणजे ईमेल, फाइलींची देवाणघेवाण, चर्चागट हे सगळे चालू होते, पण वेब अजून जन्मालाच आले नव्हते.

वेबचा जन्म युरोपात, जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ येत-जात, प्रत्येकाचा संगणक वेगळ्या जातीचा असे, आणि एकाने लिहून ठेवलेले दुसऱ्याला सापडत नसे. या अडचणीवर टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव लिहिला. त्यांच्या वरिष्ठांनी, माइक सेंडल यांनी, त्यावर ‘संदिग्ध, पण उत्साह वाटावा असे’ अशा अर्थाचा शेरा मारला आणि काम करू दिले. १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर, पहिला सर्व्हर आणि पहिले पान तयार झाले. तो सर्व्हर म्हणजे टेबलावरचा एक नेक्स्ट कंपनीचा संगणक होता, आणि कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची चिठ्ठी लाल शाईने लिहून चिकटवली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये बर्नर्स-ली यांनी या प्रकल्पाची माहिती सर्नबाहेरच्या जगाला दिली. ती त्यांनी इंटरनेटवर आधीपासून चालत आलेल्या एका चर्चागटात दिली, यातूनच दोहोंचे नाते स्पष्ट व्हावे.

भारतात हा फरक कधी जाणवला होता का?

होय, आणि पैशाच्या हिशेबात जाणवला होता. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा दोन तऱ्हांची खाती मिळत. स्वस्त खात्यावर फोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाशी जोडले जाऊन काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे दिसत. ईमेल करता येई, वेबची पानेही चित्रांविना वाचता येत. चित्रांसहित वेब पाहायचे तर महागडे टीसीपी-आयपी खाते घ्यावे लागे. त्या काळी ज्यांनी स्वस्त खाते वापरले, त्यांना इंटरनेट म्हणजे रंगीत पाने असे कधी वाटले नाही.

व्हॉट्सॲप, ईमेल, यूपीआय हे वेब आहे का?

व्हॉट्सॲप हे इंटरनेटवरचे स्वतंत्र ॲप आहे. त्याचा निरोप आपल्या मोबाईलमधून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तेथून समोरच्याच्या मोबाईलकडे जातो. त्या निरोपाला वेबचा पत्ता नसतो आणि त्या संभाषणाबाहेरचा कोणी तो ब्राउझरमध्ये उघडू शकत नाही. संगणकावर ‘व्हॉट्सॲप वेब’ उघडतो ते मात्र वेबचे पान असते, जे आपल्याच खात्यातले निरोप ब्राउझरमध्ये दाखवते.

ईमेलचेही तसेच. पत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरकडे जाण्याचे नियम वेबपेक्षा जुने आहेत आणि वेब उद्या बंद पडले तरी ते चालतील. जीमेल ब्राउझरमध्ये उघडले तर आपण वेबच्या खिडकीतून टपाल पाहत असतो, इतकेच.

यूपीआय ही २०१६ मध्ये सुरू झालेली बँकांमधली पैसे पाठवण्याची व्यवस्था आहे. म्हापशाच्या बाजारात भाजी घेताना क्यूआर कोड टिपतो तेव्हा मोबाईलपासून बँकेपर्यंतचा संदेश इंटरनेटवरून जातो, ब्राउझरचे त्यात काही काम नसते. साध्या फोनवर तारांकन, नव्व्याण्णव आणि हॅश डायल करून जे पैसे पाठवता येतात, त्यांना तर ग्राहकाच्या बाजूने इंटरनेटही लागत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुष्कळशी ॲपे पडद्यामागे आपल्या सर्व्हरशी बोलताना वेबचीच एचटीटीपी ही पद्धत वापरतात. तेवढ्यावरून काही जाणकार त्यांना वेबचा भाग मानतात. आमचा निकष वेगळा आहे: एखाद्या माहितीला उघड पत्ता आहे का, आणि तो पत्ता कोणालाही देऊन ती उघडता येते का? येत असेल तर ती वेबवर आहे.

गूगल म्हणजे इंटरनेट का? आणि क्रोम?

नाही. गूगलचे शोधपान हे वेबवरचे एक संकेतस्थळ आहे, जे इतर पाने वाचून त्यांची सूची ठेवते. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर, म्हणजे पाने मागवून दाखवणारे प्रोग्राम.

वाय-फाय आहे, पण इंटरनेट नाही, असे कसे होते?

वाय-फाय म्हणजे मोबाईलपासून घरातल्या राउटरपर्यंतची बिनतारी जोडणी. राउटरच्या पुढची तार तुटलेली असली तरी मोबाईलवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसू शकते.

इंटरनेटशिवाय वेब असू शकते का?

असू शकते, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला फरक समजला असे मानावे. एखाद्या वाचनालयाने आपल्या पुस्तकांची सूची इमारतीतल्याच एका संगणकावर वेबच्या पानांच्या रूपात ठेवली आणि इतर संगणक तारेने त्याला जोडले, तर ब्राउझरमध्ये पुस्तके शोधता येतील, दुव्यांवर टिचकी मारता येईल आणि बाहेरच्या जगाशी काहीही संबंध असणार नाही. कचेऱ्यांची अंतर्गत संकेतस्थळे अशीच चालतात. गोव्यातील सरकारी कार्यालये आणि पंचायती जोडणारे गोवा ब्रॉडबँड नेटवर्क हे राज्याचे स्वतःचे जाळे आहे. अशा जाळ्याच्या आतच राहणारी पानेही तांत्रिकदृष्ट्या वेबचीच पाने असतात, फक्त ती बाहेरून दिसत नाहीत.

एक पान उघडताना नेमके काय घडते?

समजा, डिचोलीतल्या एका शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहायचा आहे आणि त्याने मोबाईलच्या ब्राउझरमध्ये संबंधित खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला. राउटरांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून ब्राउझर आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो की या नावाचा आयपी पत्ता कोणता. उत्तर आधीच माहीत असेल तर तो सर्व्हर ते लगेच देतो. नसेल तर जगाच्या मूळ सूचीपाशी जाऊन ‘आयएन’ची नोंद कोणाकडे, मग ‘जीओव्ही डॉट आयएन’ची कोणाकडे, असे विचारत विचारत शेवटच्या नावापर्यंत पोहोचतो. इथपर्यंतचे सगळे इंटरनेटचे काम झाले, वेबचे अजून काहीच झालेले नाही.

आकडा मिळाल्यावर ब्राउझर त्या सर्व्हरशी टीसीपीची जोडणी उघडतो. मग दोघे मिळून गुप्त किल्ली ठरवतात, ज्यामुळे वाटेतल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही. पत्त्याच्या सुरुवातीच्या एचटीटीपीएस या अक्षरांतला शेवटचा ‘एस’ तो हाच. यानंतर वेब सुरू होते. ब्राउझर म्हणतो, अमुक पान द्या. सर्व्हर उत्तराच्या आरंभी एक तीन आकडी संख्या पाठवतो: २०० म्हणजे पान पाठवत आहे, ४०४ म्हणजे या पत्त्यावर असे पान नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच काही बिघडले. पान आले की त्यात उल्लेखलेली चित्रे, अक्षरांचे वळण, नकाशे हे सगळे पुन्हा वेगवेगळे मागवावे लागते, आणि म्हणूनच एक साधे दिसणारे पान उघडायला कधी कधी शंभराहून अधिक मागण्या जातात. शेतकऱ्याने सर्व्हे क्रमांक भरून बटण दाबले की ती मागणी सर्व्हरच्या मागे असलेल्या नोंदींच्या साठ्याकडे जाते, तेथून उतारा निघतो आणि पुन्हा पानाच्या रूपात त्याच्या मोबाईलवर येतो.

या साखळीतले कोणतेही एक कडे तुटले तरी मोबाईलवर जवळपास एकच चित्र दिसते: फिरत राहणारे वर्तुळ. पण ४०४ किंवा ५०० असा आकडा दिसला, तर आपले इंटरनेट उत्तम चालू आहे हे निश्चित समजावे; तो आकडा सर्व्हरपर्यंत पोहोचल्याशिवाय येऊच शकत नाही.

पावसाळ्यात जोडणी गेली की दोष कुणाचा, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

आपल्याकडे जूनपासून झाडांच्या फांद्या तारांवर पडतात, वीज जाते, आणि पुष्कळ ठिकाणी काचतंतूच्या तारा विजेच्याच खांबांवरून आलेल्या असल्याने त्याही तुटतात. आधी राउटरवरचे दिवे पाहावेत. काचतंतूच्या बहुतेक राउटरांवर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ या नावांचे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर केंद्राशी जोडणी शाबूत आहे. एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही. तार तुटली आहे, जास्त वाकली आहे किंवा राउटरच्या मागे खोचलेले तिचे टोक सैल झाले आहे. अशा वेळी राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही होत नाही, सेवा कंपनीलाच कळवावे लागते. तारेचे टोक काढून त्यात डोळा लावून पाहू नये. न दिसणारा प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर दुसरी परीक्षा करावी. एखादे संकेतस्थळ उघडत नाही, पण व्हॉट्सॲपवर निरोप जात आहेत. तर इंटरनेट चालू आहे. अशा वेळी दुसरी दोन-तीन संकेतस्थळे उघडून पाहावीत. ती उघडली तर दोष त्या एका संकेतस्थळाचा. कोणतेच उघडत नसेल तर बहुधा डीएनएस अडले आहे. संगणकावर कमांडच्या खिडकीत रोमन लिपीत ‘पिंग’ आणि पुढे ८.८.८.८ हा आकडा लिहून पाहावा; हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. मग आकड्याऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहून पाहावे. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावे शोधून देणारी यंत्रणा बंद आहे, तारा नव्हेत. घरच्या जोडणीवर न उघडणारे पान मोबाईल डेटावर उघडते का, हेही पाहावे. उघडले तर संकेतस्थळ निर्दोष आहे आणि अडचण घरची जोडणी पुरवणाऱ्याकडे आहे. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता यांपैकी काय आढळले ते सांगितले, तर काम निश्चितच लवकर होते.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीच्या जाळ्याकडे कोणत्या मार्गाने यायचे, हे इतर जाळ्यांना सांगणाऱ्या नोंदी एका चुकीच्या बदलामुळे मागे घेतल्या गेल्या होत्या. त्या तीन नावांपलीकडचे बहुतेक सगळे वेब त्या रात्री उघडत होते. तरीही असंख्य घरांत ‘नेट गेले’ असेच म्हटले गेले, कारण त्या घरांत इंटरनेटचा सारा वापर त्या तीन ॲपांपुरताच उरला होता.

इंटरनेटचा मालक कोण? वेबचा कोण?

दोहोंचाही एक मालक नाही. तारा आणि केंद्रे त्या त्या कंपन्यांच्या किंवा सरकारांच्या मालकीच्या असतात, पण नियम खुले आहेत. इंटरनेटचे तांत्रिक नियम १९८६ पासून आयईटीएफ या मंडळात चर्चेने ठरतात. नावे आणि आकडे यांच्या वाटपाचा मेळ १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था घालते. वेबची बरीचशी मानके १९९४ मध्ये बर्नर्स-ली यांनी स्थापन केलेल्या डब्ल्यू३सी या संघटनेकडे आहेत.

वेबच्या बाबतीत एक तारीख लक्षात ठेवावी अशी आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचा मूळ प्रोग्राम सर्वांना विनामूल्य खुला केला. त्याच सुमारास गोफर नावाची, माहिती याद्यांच्या रूपात देणारी इंटरनेटवरची दुसरी एक सेवा वेबपेक्षा लोकप्रिय होती. तिच्या सर्व्हरसाठी शुल्क घेण्याचा विचार ती तयार करणाऱ्या मिनेसोटा विद्यापीठाने जाहीर केला आणि लोक तिच्यापासून दुरावले. वेब जिंकले त्यामागे चित्रे दाखवणाऱ्या मोझॅक या ब्राउझरचाही मोठा वाटा आहे, पण कोणाची परवानगी न घेता आणि कोणाला पैसे न देता पान ठेवता येणे, हे त्याचे खरे बळ.

मराठीत पत्ता घेता येतो का?

घेता येतो. ‘डॉट भारत’ हे देवनागरीतले क्षेत्रनाम, म्हणजे पत्त्याचा शेवटचा भाग, ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. मात्र पत्त्यापेक्षा आतला मजकूर अधिक महत्त्वाचा. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या समान अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात टंकलेला मराठी मजकूर कोणत्याही ब्राउझरमध्ये वाचता आणि शोधता येतो. जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर किंवा फोटोच्या रूपात चढवलेली पत्रके डोळ्यांना मराठी दिसली, तरी ती शोधात सापडण्याची खात्री नसते.

आमच्या संस्थेचा व्हॉट्सॲप गट आहे. मग वेबवर पान कशाला हवे?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर आम्ही आग्रहाने देतो. गट तातडीच्या निरोपासाठी उत्तम आहे. ग्रामसभा रविवारी दहा वाजता आहे, टँकर उद्या येणार आहे, भजनाची तालीम आज रद्द आहे, हे गटातच सांगावे. पण गटातली माहिती गटात असलेल्यालाच दिसते, नव्या सदस्याला सामील होण्यापूर्वीची बहुतेक दिसत नाही, शोधयंत्रांना ती कधीच दिसत नाही, आणि मोबाईल बदलताना ती पुष्कळदा नाहीशी होते.

आपल्या गावांत जत्रेला स्थानिक मंडळी मराठी नाटके बसवतात. ही परंपरा गोव्याच्या सांस्कृतिक जीवनाचा कणा आहे. कोणत्या वर्षी कोणते नाटक झाले, दिग्दर्शन कोणी केले, स्त्रीभूमिका कोणी केल्या, पडदे कोणी रंगवले, हे सगळे आज हस्तपत्रिकांच्या फोटोंच्या रूपाने गटांत येते आणि चार दिवसांत ‘सुप्रभात’च्या चित्रांखाली गाडले जाते. तीच माहिती एका साध्या पानावर, युनिकोड मराठीत, वर्षवार लिहून ठेवली, तर मुंबईत स्थायिक झालेल्या गावकऱ्याला, विद्यापीठात गोमंतकीय रंगभूमीवर संशोधन करणाऱ्या मुलीला आणि पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला ती सापडू शकते. वास्कोच्या भजनी सप्ताहासारख्या मोठ्या उत्सवाविषयी इतर कोणी तरी लिहीलच. लहान गावाच्या जत्रेविषयी मात्र गावाने लिहिले नाही तर कोणीच लिहिणार नाही.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. विनामूल्य पान ठेवू देणाऱ्या अनेक सेवा आहेत. आमची सूचना एवढीच की शक्य असल्यास संस्थेच्या नावाचा स्वतःचा पत्ता घ्यावा, आणि त्याची नोंदणी एका कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर न करता संस्थेच्या ईमेलवर करावी, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी पत्ता संस्थेकडे राहतो. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या टिपणात लिहून ठेवावी. सार्वजनिक इतिहास आणि घटनांची माहिती मराठी विकिपीडियावरही देता येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या त्या ज्ञानकोशात गोव्यातील गावांविषयी लिहिण्यासारखे अजून खूप आहे, परंतु तेथे विश्वसनीय संदर्भ द्यावे लागतात.

एचटीटीपीएस असले की संकेतस्थळ विश्वासू समजावे का?

नाही. आपण आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कोणी वाचत नाही, एवढेच त्यातून कळते. पलीकडचा सर्व्हर चोराचा असला तरी त्यालाही एचटीटीपीएस मिळते. पत्ता वाचण्याची सवय हीच खरी राखण.

डार्क वेब म्हणजे काय?

टॉरसारख्या खास प्रोग्रामशिवाय न उघडणारी आणि ठेवणाऱ्याची ओळख झाकणारी पाने. आपल्या बँकखात्याचे पान शोधयंत्रांना दिसत नाही, पण त्याला डार्क वेब म्हणत नाहीत. ते केवळ परवलीच्या शब्दामागचे पान आहे.

वेबवर एकदा टाकलेले कायमचे राहते ना?

हा समज चुकीचा आहे. बदनामी करणारा फोटो हजार ठिकाणी उतरवला जातो म्हणून तो जात नाही. पण एखाद्या खात्याने संकेतस्थळ नव्याने बांधले की जुन्या परिपत्रकांचे दुवे एका दिवसात मरतात, आणि पत्त्याचे पैसे भरायचे राहिले तर संस्थेची दहा वर्षांची पाने दिसेनाशी होतात. १९९६ मध्ये स्थापन झालेली इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था वेबवरच्या पानांच्या प्रती तारीखवार जतन करते, आणि आपल्याला हवे ते उघडे पान तिच्याकडे पत्ता देऊन विनामूल्य जतन करवून घेता येते. संस्थेच्या चालकांनी वर्षातून एकदा आपल्या महत्त्वाच्या पानांबाबत हे करावे आणि मूळ मजकुराची प्रत स्वतःकडेही ठेवावी. संकेतस्थळाची रचना बदलताना जुने पत्ते शक्यतो तसेच ठेवावेत. बदलावेच लागले तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्याकडे वळवण्याची सोय सर्व्हरवर करता येते, आणि संकेतस्थळ बनवून देणाऱ्याकडे ही मागणी काम सोपवतानाच लेखी करावी.